सोसायटीच्या हॉलमधली काशी

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जगाचा एक मोठा नकाशा लावलेला आहे आणि त्यावर एकोणीस लाल टाचण्या आहेत. एक टाचणी म्हणजे ज्येष्ठ मंडळानं 'केलेला' एक देश. केलेला हा शब्द त्यांचाच. इजिप्त झालं का तुमचं, असं एक काकू लिफ्टमध्ये विचारतात आणि दुसऱ्या हळहळून सांगतात की त्या शनिवारी जावयाकडे जावं लागलं, इजिप्त राहिलं. या दोघींनी वर्षभरात दहिसरच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही.

आम्ही बोरीवलीत राहतो. राष्ट्रीय उद्यानाचं फाटक आमच्यापासून चालत वीस मिनिटांवर आहे. तिथली झाडं बघायला आमच्या इमारतीतलं कोणी जात नाही, कारण डास असतात आणि गुडघे दुखतात. पण ज्या शनिवारी ॲमेझॉनचं जंगल होतं, त्या दिवशी हॉलमध्ये बसायला खुर्ची उरली नव्हती.

हा उद्योग सुरू केला आमच्या सेक्रेटरींनी. सरकारी खात्यातून निवृत्त झालेला माणूस, हाताखाली माणसं असण्याची सवय गेलेली नाही. घरबसल्या जग दाखवणारी एक मंडळी त्यांना इंटरनेटवर सापडली. त्यांचा गाइड त्या त्या गावात मोबाइल हातात धरून रस्त्यानं चालतो, आणि आपण इथे पडद्यावर ते त्याच क्षणी बघतो. सेक्रेटरींनी भिंतीवर पांढरी चादर ताणली, कोणाच्या तरी मुलाचा जुना प्रोजेक्टर आणला, आणि लॅपटॉपवर बसायला मला धरलं. "तू कॉम्प्युटरवाला ना रे? मग तू बस इथे," एवढंच म्हणाले. मी एका कंपनीत कॉम्प्युटरवर पत्रव्यवहार बघतो, म्हणजे मी कॉम्प्युटरवाला नाही. पण मला नाही म्हणता येत नाही. ते पुढे येईलच.

तर दर शनिवारी चार वाजता मी त्या टेबलामागे बसून माणसं बघायचो. प्रवास नव्हे, माणसं. पॅरिसच्या दिवशी पंखा जोरात होता, त्यामुळे आयफेल टॉवर चादरीबरोबर हलत होता आणि पुढच्या रांगेतले एक काका शेजाऱ्याला सांगत होते की उंच बांधकाम असंच थोडं झुलतं ठेवावं लागतं. स्वित्झर्लंडच्या दिवशी एसी अठरावर ठेवला होता. बायका शाली घेऊन आल्या होत्या आणि बर्फ दिसल्यावर त्यांनी त्या खरोखर अंगावर ओढून घेतल्या. गाइड म्हणाला, डावीकडे बघा. पस्तीस माना डावीकडे वळल्या, जिथे गणपतीच्या मंडपाचे बांबू रचून ठेवलेले होते. पहिल्या रांगेवरून भांडणं व्हायची, जणू खिडकीची जागा. चार वाजता निघायचं म्हणून साडेतीनलाच पायांत बूट घालून लोक येऊन बसायचे. निघण्याआधी एक काकू प्रत्येकाच्या तळहातावर दही-साखर ठेवायच्या, कारण प्रवासाला निघणाऱ्याला ती द्यायची असते. दही खाऊन माणसं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहायची.

शेवटी गाइड विचारायचा, काही प्रश्न? प्रश्न प्रत्येक देशात दोनच असायचे. तिथे आपलं जेवण मिळतं का, आणि कांदा कसा आहे.

माझा राग कशावर होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर मी उगीच म्हाताऱ्यांना हसतोय असं वाटेल. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकलो. आमच्या शाळेत जगाचा एकच नकाशा होता. तो आफ्रिकेजवळ फाटला होता आणि भूगोलाच्या गुरुजींनी मागून धोतराचा तुकडा चिकटवून तो सांधला होता. ते छडीचं टोक नकाशावर ठेवायचे आणि म्हणायचे, इथं जायला किती दिवस लागतील ते आधी सांगा, मग नाव सांगतो. किलोमीटर मोजायचे, बोटीचा वेग धरायचा, गणित करायचं. जागेचं नाव त्या गणिताचं बक्षीस असायचं. अंतर म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडून शिकलो, आणि थोडं स्वतःच्या पायांनी. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. त्या गुरुजींचे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच हॉलमधल्या त्या लाल टाचण्या बघितल्या की माझं डोकं फिरायचं. एका टाचणीसाठी या लोकांनी काय दिलं होतं? दीड तास आणि एक वाटी चिवडा.

आता आईबद्दल.

माझी आई त्याच तालुक्याच्या गावी मुलांच्या वसतिगृहात भाकऱ्या करायची. वडील मार्केट यार्डात हमाल होते. वसतिगृहाला सुट्टी असली की आईला गावातल्या मोठ्या घरांतून कार्याच्या स्वयंपाकाला बोलावणं यायचं, आणि त्यात तिला सगळ्यांत आवडायचं ते मावंदं. आमच्याकडे कोणी काशीयात्रा करून आलं की तांब्याच्या गडूत गंगा घेऊन येतं. गडूचं तोंड कथिलानं बंद केलेलं असतं. यात्रेकरू सरळ घरी जात नाहीत, वेशीबाहेरच्या मारुतीच्या देवळात थांबतात. घरचे लोक त्यांना तिथून वाजतगाजत आणायला जातात. मग गंगेची पूजा होते आणि सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना जेवण. त्या जेवणाला मावंदं म्हणतात. यात्रेहून आलेल्या माणसाला पाटावर बसवतात, लोक त्याच्या पाया पडतात. आईनं अशी कितीतरी मावंदी रांधली, वाढली, आणि प्रत्येक वेळी शेवटी चुलीजवळ बसून जेवली. वडील गेल्यावर ती माझ्याकडे बोरीवलीला आली तेव्हा तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. काशीला न्यायचं. वडिलांच्या नावानं बुडी मारायची, गंगा आणायची आणि स्वतःच्या घरी मावंदं करायचं.

मी हो म्हणालो. त्यानंतर तीन दिवाळ्या गेल्या.

कारणं होती. तिचे गुडघे, तिथली गर्दी, मुलीची दहावी. खरं कारण वेगळं होतं. मला साहेबांकडे आठ दिवसांची रजा मागता येत नव्हती. ही नोकरी मला मिळाली याचंच मला इतकं अप्रूप आहे की वीस वर्षं मी तापातसुद्धा ऑफिसला गेलो. माझ्यासारख्यांना असं वाटत राहतं की एक दिवस आपण नसलो तर त्यांना कळेल की आपल्यावाचून काही अडत नाही. माझी बायको मुलुंडची, तिचे आजोबासुद्धा पदवीधर होते. तिला हे कधी कळलं नाही आणि मीही कधी नीट सांगितलं नाही.

मग एका शनिवारी सेक्रेटरींनी जाहीर केलं की पुढच्या आठवड्यात काशी. माझ्या मनात पहिला विचार काय आला ते लिहितो, कारण ते टाळून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला हायसं वाटलं. आई बघेल, घाट बघेल, आरती बघेल, तिचं मन भरेल. ज्या गोष्टीला मी वर्षभर नावं ठेवत होतो, तीच गोष्ट मी माझ्या आईला देऊन मोकळा होणार होतो. मी तिला म्हणालो, "आई, शनिवारी काशी आहे खाली हॉलमध्ये. पहिल्या रांगेत बसवतो तुला."

ती शनिवारी धुतलेलं लुगडं नेसून आली.

त्या दिवशी लोकांनी लाजच सोडली होती. बायका फुलं, हळदकुंकू आणि बिसलरीच्या बाटल्या घेऊन आल्या होत्या. तिथला गाइड घाटाच्या पायऱ्या उतरला आणि त्यानं मोबाइल पाण्याजवळ नेला, तशी पुढच्या रांगेतून चादरीवर झेंडू पडायला लागले. एक काका उठले आणि भिंतीजवळ भरून ठेवलेल्या बादलीत त्यांनी डोकं बुडवलं. ती बादली फरशी पुसण्याची होती, नवी असली तरी. आरती सुरू झाली आणि नेमकं नेट अडकलं. चादरीवर मधोमध एक गोल फिरत राहिला. सगळे हात जोडून त्या गोलाकडे बघत होते. सेक्रेटरी मागे वळून म्हणाले, "कोणी उठू नका, गंगा लोड होतेय."

आईनं पदराखाली हात ठेवले होते. ते तिनं जोडले नाहीत. माझ्या लक्षात आलं, पण मी वायर हलवत होतो.

इथवर ठीक होतं, म्हणजे नेहमीइतकंच वाईट होतं. पण एका कोकणातल्या काकूंना कुठून तरी मावंद्याची आठवण झाली आणि ती त्यांनी सेक्रेटरींना सांगितली. झालं. पुढच्या रविवारी हॉलमध्ये सामुदायिक मावंदं ठरलं. ऑनलाइन मागवलेल्या गंगेच्या बाटल्या कुरियरनं आल्या. जेवणाला पुरणपोळी सांगितली. भटजी ठरले. आणि त्या लोकांना वाटलं की जे करायचं ते रीतसर करावं.

म्हणून त्यांनी काय केलं, तर सगळे आपापल्या मजल्यावरून लिफ्टनं खाली आले, पैठण्या आणि सिल्कचे कुर्ते घालून. मग गेटच्या बाहेर गेले. रिक्षा स्टँडपर्यंत चालत गेले आणि तिथे उभे राहिले, कारण यात्रेकरूंना वेशीबाहेरून आणायचं असतं. मग आम्ही, म्हणजे सोसायटीतले बाकीचे, त्यांना आणायला गेलो. ब्लूटूथ स्पीकरवर सनई लावली होती. तो स्पीकर माझ्या हातात होता. वॉचमननं गेट पूर्ण उघडलं, एरवी ते फक्त टँकरसाठी उघडतात. अठ्ठावीस माणसं, जी पाच मिनिटांपूर्वी याच गेटातून बाहेर गेली होती, ती हात जोडून, डोळे पाणावून आत आली. रिक्षावाले बघत होते. त्यातल्या एकानं मला विचारलं, क्या भाई, सब कहाँ से आये? मी स्पीकरचा आवाज वाढवला.

हॉलमध्ये चौरंग मांडला होता, त्यावर बाटल्या, पुढे चांदीची ताटं. सेक्रेटरींनी आईला बोलावलं. ते स्वतः अडुसष्ट वर्षांचे, आई त्र्याहत्तरची, पण ते तिला आजी म्हणतात. लुगडं नेसणारी बाई त्यांच्या हिशेबी आजीच.

"आजी, तुम्ही सगळ्यांत मोठ्या. पाटावर तुम्ही बसा."

"मी गेले न्हाई," आई म्हणाली.

"अहो, असं काय करता? पहिल्या रांगेत होता ना तुम्ही? आपण सगळे बरोबरच गेलो."

"बघितलं की. बघितलं, न्हाई कुठं म्हणते? पर गेले न्हाई." मग तिनं हॉलवर नजर टाकली. "वाढायला कोण हाय?"

आणि तिनं पदर खोचला. केटररच्या माणसाच्या हातातलं भाताचं पातेलं घेतलं आणि पंगतीच्या एका टोकाला जाऊन उभी राहिली. गुडघे दुखत असताना दोन पंगती वाढल्या. लोकांना ते फार आवडलं. किती साध्या आहेत, असं म्हणाले. जेवताना ती प्रत्येकाला विचारत होती, अजून घ्या, लांबनं आलात. ती हे मनापासून म्हणत होती की कसं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. शेवटी केटररच्या डब्यांमागे स्टूलावर बसून ती एकटी जेवली, अगदी तालुक्याच्या गावी जेवायची तशी. फरक एवढाच की आता तिचा मुलगा पदवीधर होता आणि हातात स्पीकर घेऊन उभा होता.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "साहेबांसमोर तोंड उघडायला तुझी जीभ जड होते. आणि या नाटकासाठी मात्र वर्षभर लॅपटॉप चालवतोस. छान आहे तुझं." ती रागानं बोलली नाही. भांडी लावत बोलली.

सोमवारी मी रजेचा अर्ज दिला. साहेबांनी मान वर न करता सही केली. विचारलंसुद्धा नाही कशासाठी. वीस वर्षं ज्या सहीची मला भीती वाटत होती, ती करायला त्यांना जितका वेळ लागला, तितक्यात मी अर्ज नीट सरळसुद्धा ठेवला नव्हता. मी जागेवर येऊन बसलो आणि मला स्वतःचीच किळस आली. तीन दिवाळ्या.

काशीत गेल्यावर सगळं तसंच होतं, जसं असणार होतं. चिखल, गाई, कानाशी येऊन बोलणारे दलाल. हॉलमधल्या चादरीला वास नव्हता, इथे होता.  घाटाच्या पायऱ्या उंच होत्या, आईच्यानं उतरवेना. मी म्हणालो, तू इथेच बस, मी खालून तांब्या भरून आणतो, अंगावर शिंपड. तिनं माझ्या हातातला गडू काढून घेतला. मग ती पायरीवर बसली आणि बसत बसत उतरली, लहान मूल जिना उतरतं तशी. एक पायरी, मग थांबायचं, मग पुढची. लोक बाजूनं जात होते. अर्ध्या तासानं तिचे पाय पाण्याला लागले. तिनं तीन बुड्या मारल्या. दुसऱ्या बुडीला वडिलांचं नाव घेतलं. जन्मभर तिनं ते नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं. गडू तिनं स्वतः भरला.

ती ओल्या लुगड्यानं शेवटच्या पायरीवर बसली होती आणि माझा फोन वाजला. सेक्रेटरींचा व्हिडिओ कॉल. त्यांच्या मागे हॉल दिसत होता, खुर्च्यांवर माणसं. माझ्या बायकोकडून त्यांना वेळ कळली होती म्हणे. "दाखव रे जरा, सगळे बसलेत," ते म्हणाले. मी फोन बंद करणार होतो. माझा अंगठा बटणावर होता.

"कोण हाय?" आईनं विचारलं.

मी सांगितलं.

"दाखव की मग. त्यांना कुठं येता येतंय."

मी इतके दिवस त्या हॉलमध्ये बसलो होतो, पण असं वाक्य माझ्या मनात कधी आलं नव्हतं. ते काका, ज्यांनी बादलीत डोकं बुडवलं, त्यांच्या दोन्ही मुलांचे फोन महिन्यातून एकदा येतात, हे मला माहीत होतं. पण माहीत असण्यानं माझ्यात काही बदललं नव्हतं आणि आताही फार बदललं असं नाही. मी फोन पाण्याकडे धरला.

"डावीकडे घे जरा," सेक्रेटरी म्हणाले.

मी डावीकडे घेतला.

"फार हलतोय तुझा हात. त्या गाइडचं चित्र स्वच्छ होतं."

काय म्हणाले, असं आईनं विचारलं. छान दिसतंय म्हणाले, मी सांगितलं.

परतीच्या दीड दिवसाच्या प्रवासात गडू तिच्या मांडीवर होता. तो जमिनीवर ठेवायचा नाही. झोपताना तिनं तो पोटाशी धरला. बोरीवलीला उतरल्यावर तिनं रिक्षा आमच्या सोसायटीच्या आधी थांबवली, पेट्रोल पंपाशेजारच्या छोट्या मारुतीपुढे, आणि तिथल्या ओट्यावर बसली. मी बायकोला फोन केला. ती आणि मुलगी आरतीचं ताट घेऊन चालत आल्या. सनई नव्हती. वॉचमननं गेट अर्धंच उघडलं, कारण टँकर नव्हता.

पुढच्या रविवारी आमच्या घरी मावंदं झालं. आईनं कोणाला बोलवायचं ते ठरवलं होतं. हॉलमधले सगळे. मी म्हणालो, यांना कशाला, यांचं तर झालंय. ती म्हणाली, "पंगतीला माणसं लागत्यात." आमच्या दोन खोल्यांत ते चार पंगतींत बसले. सेक्रेटरी येताना टाचणी घेऊन आले होते. आईच्या नावानं नकाशावर लावतो म्हणाले. काशीला आधीच एक टाचणी होती, पण ते म्हणाले ही शेजारी लावू.

आईला पाटावर बसवलं. मुलगी तिच्या पाया पडली, मी पडलो, मग एकेक करून सगळे पडले. आईला पहिल्या पंगतीत बसायची सवय नव्हती. ती दोनदा उठली, दोनदा मी तिला बसवलं. तिनं पुरणपोळीचा एक घास घेतला आणि तोंडातला घास तसाच ठेवून पंगतीवरून नजर फिरवली. सेक्रेटरी शेजारच्या काकूंना सांगत होते की आपण आपली काशी केली ते एका परीनं बरं, गर्दी नाही, घाण नाही, आणि आरतीसुद्धा समोरून दिसली.

आईनं मला खूण केली. "त्यांच्या पानात तूप न्हाई बघ."

मी तुपाची वाटी घेऊन गेलो आणि वाढलं. थोडं कमीच वाढलं.

ती पाटावरून बघत होती. "अजून घाल," म्हणाली.

मी घातलं.